एकोणीस दिवसांत सात नॅशनल पार्क

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०
निर्णय झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी गाडीने लांबचा प्रवास करायचा. एकोणीस दिवस, सात नॅशनल पार्क. जवळची, शाळेच्या सहलीची पार्क नाहीत. लांबची.

कारण नोंदवून ठेवतो. थोरलीला ॲडमिशन मिळाली आहे, पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. २० जूनला ती जाणार. गेल्या रविवारी त्यावरून घरात थोडी चर्चा झाली. त्यात मी एक साधं वाक्य बोललो. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त 'हं', 'बघू' आणि 'ठीक' एवढंच बोलते. ही म्हणते, तुम्ही तिच्याशी बोला. बोलणार आहे. पण येता-जाता, भांडी विसळताना बोलणं मला जमत नाही. त्याला वातावरण लागतं. गाडीत माणूस उठून आपल्या खोलीत जाऊ शकत नाही, हा गाडीचा मोठा फायदा आहे.

बावीस वर्षं बस डेपोत टाइमटेबल करतो आहे. रोज एकशे चाळीस बसेस माझ्या कागदावरून सुटतात. एक गाडी आणि पाच माणसं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

५ फेब्रुवारी, बुधवार
जेवताना घोषणा केली. हिने विचारलं, तारखा कोणत्या. आईने विचारलं, वाटेत बाथरूम असतील ना. धाकटीने विचारलं, गाडीत उलटी झाली तर थांबणार का. (वय अकरा. गाडी लागते. सवयीने जाईल.) थोरली म्हणाली, हं.
प्रस्ताव एकमताने मंजूर.

१६ फेब्रुवारी, रविवार
तक्ता तयार. एकूण ६,३४० किलोमीटर. निळा रंग प्रवासाचा, हिरवा पार्कचा, पिवळा जेवणाचा. प्रत्येक थांब्याला वेळ दिली आहे. लॅमिनेट करून घेतला, म्हणजे खराब होणार नाही.

दिवस नववा, धबधब्याचं पार्क, दुपारी ४.१५ ते ५.००: थोरलीशी बोलणे. पाऊस आल्यास दिवस दहावा, तीच वेळ. मुद्दे: १) कॉलेज. २) मी जे म्हणालो ते. ३) इतर.

तक्ता फ्रिजवर लावला. हिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, बोलण्याला रंग कोणता दिलाय. करडा दिला होता, कारण तोच उरला होता. सांगितलं, मुद्दाम दिला आहे.

रजेचा अर्ज अजून दिलेला नाही. प्लॅन पक्का झाल्याशिवाय साहेबांपुढे जायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. साहेबांचा माझ्यावर जीव आहे.

१ मार्च, शनिवार. सकाळी ९.००
पार्कच्या परमिटचं बुकिंग आज आठ वाजता उघडणार होतं. साडेसातलाच कॉम्प्युटरसमोर बसलो. आठ वाजून एक मिनिटाने पाचही जणांची जन्मतारीख मागितली. आधी सांगायला काय झालं होतं?

थोरलीचा दिवस आणि महिना मला तोंडपाठ आहे. सालात एक वर्ष इकडेतिकडे झालं. हिला हाक मारून विचारलं. हिने साल सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. आईने स्वतःच्या दोन जन्मतारखा सांगितल्या, एक शाळेतली आणि एक खरी. कोणती टाकायची यावर आईचे आणि माझे मतभेद झाले. ८.२० ला पहिलं पार्क फुल. ८.३१ ला सातही फुल.

एवढी गर्दी म्हणजे माझी निवड अचूक आहे. तीन पार्कांच्या वेटिंग लिस्टमध्ये नंबर लावला आहे. आमचा नंबर ४१२. वेटिंग म्हणजे अर्धं कन्फर्मच.

९ मार्च, रविवार
ड्रायव्हिंगचा सराव सुरू. आमची गाडी ही चालवते, कारण तिला आवड आहे. मी डेपोत स्टाफ बसने जातो. शेवटचं स्टीअरिंग हातात धरून अकरा वर्षं झाली असतील, पण सायकल आणि गाडी माणूस विसरत नाही.

डेपोच्या मागच्या मोकळ्या यार्डात गेलो. सुट्टीच्या दिवशी तिथे कोणी नसतं. आज नऊ ड्रायव्हर चहा पीत बसले होते. गाडी चार वेळा बंद पडली. मग एकदम निघाली. दोन प्लॅस्टिकचे कोन पडले, तिसरा गाडीखाली अडकला. सगळ्यात ज्येष्ठ ड्रायव्हरने येऊन तो ओढून काढला आणि म्हणाला, तुम्ही टाइमटेबलच करा, त्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही.
जुनी माणसं मोजकं बोलतात, पण गुणांची कदर करतात.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.३०
रंगीत तालीम. जवळच्या तलावापर्यंत, साठ किलोमीटर, सगळे जण.
सुटण्याची वेळ ९.००. प्रत्यक्षात १०.३५. (आईचा चष्मा. सापडला तेव्हा डोक्यावर होता.)
पहिल्या सिग्नलपर्यंत मी चालवली. सिग्नल हिरवा झाल्यावर गाडी मागे जायला लागली, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने खाली उतरून काही सूचना केल्या. पुढे हिने चालवली. मला नकाशाकडे लक्ष द्यायचं होतंच.
साठ किलोमीटरमध्ये आईचे तीन थांबे. या हिशेबाने पूर्ण प्रवासात तीनशे सतरा. तक्त्यात कुठे बसवायचे?
धाकटीला उलटी झाली. हाताशी तक्ताच होता. लॅमिनेशनचा निर्णय किती दूरदृष्टीचा होता ते आज सिद्ध झालं.

थोरली पूर्ण वेळ कानात वायरी घालून खिडकीबाहेर बघत होती. येताना धीर करून विचारलं, काच खाली करू का. ती म्हणाली, चालेल. 'हं'पासून 'चालेल'पर्यंत आलो आहोत. गाडीचा परिणाम.

३ एप्रिल, गुरुवार
ही आज काहीतरी बरंच बोलली. सारांश: सात पार्क सोडा, जवळचं एकच करू, चार दिवस जाऊ, पण जाऊ. परमिट नाही तर गेटबाहेर लॉजमध्ये राहू. मी ठाम नकार दिला. अशी धरसोड केली असती तर डेपोतून एकही बस सुटली नसती. हिने आवाज चढवला नाही. इस्त्री करायला गेली. इस्त्री करता करता थोरलीच्या कॉलेजबद्दलही काही सांगत होती. मी टोल नाके मोजत होतो. एकसष्ट आहेत.
सातांतली वेटिंगवाली तीन पार्क तेवढी ठेवली. बाकीची चार तशीही ओव्हररेटेड होती. बोलणे आता दिवस पाचवा.

११ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३.००
रजेचा अर्ज दिला. साहेब आधी हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. १ मे ते १५ जून जादा बसेसचा हंगाम असल्याने टाइमटेबल विभागातल्या कोणालाही कोणत्याही कारणासाठी रजा मिळणार नाही, असा नियम आहे. नियम नऊ वर्षांपूर्वीचा. मसुदा माझा. खाली सही माझी. 'कोणत्याही कारणासाठी' या शब्दांखाली रेघ मारलेली आहे, तीही माझीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी म्हणालो, कौटुंबिक आणीबाणी आहे. त्यांनी काळजीने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, थोरली मुलगी शिकायला लांब चालली आहे. ते उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

घरी काही सांगितलेलं नाही. उगाच सगळ्यांच्या उत्साहावर पाणी नको. महिना आहे हातात, मार्ग निघेल.

१९ एप्रिल, शनिवार
हिने विचारलं, रजेचं काय. मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. खोटं नाही. नकार हीसुद्धा प्रोसेसच आहे.
धाकटीने आपली बॅग भरून दाराशी ठेवली आहे. अजून तीन आठवडे आहेत असं सांगितलं तर म्हणाली, असू दे. येता-जाता बॅगेला पाय लागतो.
मला अलीकडे जेवण जात नाही. हवेतला बदल असावा.

२७ एप्रिल, रविवार
गाडी मेकॅनिककडे दिली. त्याने विचारलं, गाडी कोण चालवतं. मी म्हणालो, बायको. तो म्हणाला, त्या वर्षानुवर्षं इथे येतात, त्यांचा हात असा नाही. मग या दोन महिन्यांत क्लचची ही गत कोणी केली? मी म्हणालो, रस्ते खराब आहेत. तो हात पुसत म्हणाला, रस्ते गाडीच्या बाहेर असतात, साहेब.
गाडी ९ तारखेला मिळेल. आम्ही १० ला निघणार. म्हणजे अगदी वेळेत.

३० एप्रिल, बुधवार. सकाळी ६.४५
दहा दिवस राहिले. रजा नाही, परमिट नाही, गाडी नाही. बाकी तयारी पूर्ण आहे.

तक्त्यातून एक एक गोष्ट खोडत गेलो. फक्त मुद्दा क्रमांक दोन उरला. मी जे म्हणालो ते. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. मी म्हणालो होतो, इतक्या लांब जाऊन तू असे काय दिवे लावणार आहेस. ती ॲडमिशनचं पत्र वाचून दाखवत होती. अर्ध्यावर थांबली. पत्राची घडी केली, पुन्हा पाकिटात घातली आणि आत गेली. पत्र दोन पानी होतं. दुसऱ्या पानावर काय होतं ते मला अजून माहीत नाही.

दाढी करताना आरशासमोर बोलून पाहिलं. 'त्या दिवशी मी जे बोललो ते' इथपर्यंत नीट येतं. पुढचं येत नाही. सात-आठ वेळा केलं. दार उघडलं तर बाहेर धाकटी टॉवेल घेऊन उभी. तिने विचारलं, बाबा, तू कोणाला सॉरी म्हणतोयस. मी म्हणालो, ऑफिसच्या प्रेझेंटेशनची प्रॅक्टिस आहे.
ती म्हणाली, मग म्हण ना पूर्ण.

५ मे, सोमवार. संध्याकाळी ७.००
हिला कळलं.

माझा फोन लागेना म्हणून हिने डेपोत फोन केला. तिकडून क्लार्कने सांगितलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत, आणि रजेचं म्हणाल तर वहिनी, या विभागात जूनपर्यंत कोणालाच मिळत नाही, तो नियम साहेबांचाच आहे. हे साहेब म्हणजे मी.

मी घरी आलो तेव्हा ही टेबलाशी बसली होती. ओरडली नाही. एवढंच विचारलं की कधीपासून माहीत होतं. मी म्हणालो, ११ एप्रिल.

मग तिने सांगितलं. थोरलीच्या कॉलेजचा नव्या मुलांसाठी एक कॅम्प आहे, १२ मेपासून सहा आठवडे. अभ्यासक्रम अवघड आहे, त्यामुळे बहुतेक सगळी मुलं तो करतात. थोरलीने नाही म्हणून कळवलं होतं. कारण ही तिला म्हणाली होती की बाबांनी एवढा प्लॅन केलाय, थांब, प्रवासात ते तुझ्याशी बोलतील.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं होतं. ३ एप्रिलला, इस्त्री करताना. एकसष्ट टोल नाके.

६ मे, मंगळवार. सकाळी ११.२०
साहेबांच्या केबिनसमोर पाऊण तास उभा राहिलो. आत गेल्यावर बसा म्हणाले, बसलो नाही. म्हणालो, जादा बसेसचं पूर्ण टाइमटेबल शुक्रवारपर्यंत करून देतो, जेवायला उठणार नाही, पुढच्या वर्षी एकही रजा मागणार नाही. आवाज जरा वेगळा येत होता. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाले, मुलगी जाते तेव्हा होतं असं. चार दिवस घ्या, १० ते १३. फोन मात्र चालू ठेवा.

चार दिवस. जवळचं एकच पार्क. परमिट नसलं तरी गेटबाहेर लॉज असतातच. अशी सुटसुटीत ट्रिप मी पहिल्यापासूनच सुचवत होतो.

बोलणे: दिवस पहिला, निघाल्याबरोबर.

८ मे, गुरुवार. संध्याकाळी ६.००
आनंदाने घरी आलो. टाइमटेबल एक दिवस आधीच संपवलं होतं. थोरलीच्या खोलीत कधी नव्हे ते स्वतःहून गेलो. दार वाजवलं. ती कपाट आवरत होती. सांगितलं, शनिवारी निघू, चार दिवस, एकच पार्क, तू पुढे बस.

ती म्हणाली, बाबा, मी कॅम्पवाल्यांना फोन केला होता. जागा शिल्लक आहे. मी शनिवारी निघतेय. सकाळची ट्रेन आहे.

मी म्हणालो, ट्रेन कशाला, आपण सगळे तुला गाडीने सोडायला जाऊ, तोही प्रवासच आहे, वाटेत दोन पार्क लागतात. ती म्हणाली, अकराशे किलोमीटर आहे, आजीला त्रास होईल, आणि वर्गातल्या दोघी सोबत आहेत. मग म्हणाली, तुम्ही जाऊन या ना चौघं. धाकटीची बॅग कधीची भरलीय.

रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिच्या पलंगावर कपड्यांच्या घड्या होत्या. एकीवर दुसरी, कडेला कड जुळवून. हे वळण माझं आहे. तिथे उभा राहून घड्या मोजल्या आणि बाहेर आलो.

१० मे, शनिवार. दुपारी १२.३०
स्टेशन पंचवीस मिनिटांवर आहे. ही चालवत होती. मी पुढे, थोरली मागे. आई आणि धाकटीने घरातूनच निरोप दिला, बॅगांमुळे जागा नव्हती. गाडीत आम्ही तिघंच. दारं बंद. वातावरण जसं हवं होतं अगदी तसं.

पहिल्या चौकात घसा साफ केला. थोरली म्हणाली, काय झालं. मी म्हणालो, त्या दिवशी मी जे बोललो ते. तेवढ्यात फोन वाजला. साहेब. दोन जादा बसेस बंद पडल्या होत्या, साडेनऊ आणि पावणेदहाची, स्टँडवर गर्दी खवळली होती. उत्तरेकडची गाडी फिरवायची की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. एवढंच सांगायला सतरा मिनिटं लागली. मला मधे 'नंतर करतो' म्हणता आलं असतं. आत्ता लिहिताना लक्षात येतंय. तेव्हा फक्त साडेनऊची गाडी दिसत होती.

फोन ठेवला तेव्हा स्टेशन आलं होतं. आरशातून पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, सुटली का रे बस. मी म्हणालो, सुटली. ती म्हणाली, बरं झालं.

प्लॅटफॉर्मवर तिने आधी हिला मिठी मारली. मग मला मारली, पण माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. त्या खाली ठेवायच्या हे सुचलं तोवर ती डब्यात चढली होती. खिडकीतून म्हणाली, येते. 'जाते' म्हणाली नाही. तशी बोलायची पद्धतच आहे, मला माहीत आहे.

परत येताना अर्ध्या वाटेवर हिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, स्टीअरिंगवर डोकं टेकून थोडा वेळ बसली. मी फोन बंद केला. आता केला.

१२ मे, सोमवार
रजेचे उरलेले दोन दिवस परत केले. साहेब खूश. बैल गेला आणि झोपा केला, असं कोणी म्हणेल, पण डेपोत खरोखर गरज होती.

ही आज आईला आणि धाकटीला घेऊन जवळच्या पार्कात जाऊन आली. सकाळी उठल्यावर ठरवलं आणि निघाली. गेटवर परमिट सहज मिळालं, सोमवारी गर्दी नसते म्हणे. आईने सहा वेळा गाडी थांबवली आणि सहाव्या थांब्यावर सगळ्यांना हरणांचा कळप दिसला. धाकटीला उलटी झाली नाही. ती म्हणते, पुढे बसलं की होत नाही.
पुढची जागा तक्त्यात माझी होती.

२० जुलै, रविवार. संध्याकाळी ५.४०
थोरलीचा फोटो आला, घरच्या ग्रुपवर. धबधबा, आणि पुढे सहा मुलं-मुली, सगळ्यांचे बूट चिखलाने भरलेले. तिच्या शहरातून पाच तासांवर आहे म्हणे. खाली लिहिलंय, काल संध्याकाळी ठरलं, सहज आलो.

फोटो मोठा करून पाहिला. हसते आहे. हसताना डोळे मिटते, लहानपणीसारखीच. केस कापलेत. कधी कापले कोण जाणे. धबधबा तोच, तक्त्यातला दिवस नववा. माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा आहे.

ग्रुपवर नको म्हणून तिला एकटीला लिहायला घेतलं. लिहिलं: त्या दिवशी मी जे बोललो ते. खोडलं. लिहिलं: दगड निसरडे असतात, जपून. खोडलं. लिहिलं: केस छान दिसतात. हे बराच वेळ स्क्रीनवर राहू दिलं. मग वाटलं, दोन महिन्यांनी अचानक केसांबद्दल काय, तिला विचित्र वाटेल. खोडलं. शेवटी अंगठा पाठवला.

मिनिटभरात तिचाही अंगठा आला.

स्वयंपाकघरातून हिने विचारलं, लिहिलंत का तिला काही. मी म्हणालो, हो, आत्ताच बोलणं झालं.